मोठे टायर बसवताय? आधी क्राउन-पिनियनचा हिशेब करा

थार असो, जिमनी असो की जुनी जिप्सी, गाडी हातात आली की बहुतेकांचा पहिला खर्च टायरवर होतो. जाड गुट्ट्यांचे, मूळ मापापेक्षा इंच-दोन इंच उंच टायर बसतात. गाडी दिसायला दमदार होते, पोट जमिनीपासून वर उचलले जाते आणि मालक खूश असतो. तक्रार सुरू होते ती पहिल्या घाटात. जिथे तिसऱ्या गिअरवर गाडी आरामात चढायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो. पाचवा गिअर सपाट रस्त्यावरही तग धरत नाही. चढावर थांबलेली गाडी उचलताना क्लच जळल्याचा वास येतो. मग इंजिनावर संशय घेतला जातो. कुणी एअर फिल्टर बदलतो, कुणी ईसीयूचे रिमॅपिंग करायला निघतो. इंजिन मात्र होते तसेच आहे. बदलले आहे ते इंजिन आणि जमीन यांच्यामधले गिअरिंग.

चाक एकदा फिरले की गाडी टायरच्या परिघाएवढी पुढे जाते. टायर मोठा केला की त्याच एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर तोडते आणि तेवढ्याच प्रमाणात जमिनीवर मिळणारी ओढ घटते. सायकलवर चढ लागल्यावर मागे लहान दातेरी चकती ठेवून पायडल मारत राहावे, तशी इंजिनाची अवस्था होते. यावर उपाय एकच, जेवढे टायरने घेतले तेवढे गिअरने परत द्यायचे. पण किती द्यायचे, कुठे द्यायचे आणि मुळात द्यायचे की नाही, हे ठरवायला आधी कागद-पेन्सिल घ्यावी लागते. माझा आग्रह असा की ही आकडेमोड टायर विकत घेण्याआधी व्हावी. बहुतेक लोक ती नंतर करतात आणि मग टायरच्या किमतीपेक्षा मोठा खर्च समोर उभा राहतो.

टायरच्या बाजूवरचे आकडे पाहा. मारुतीच्या पाच दारांच्या जिमनीला १९५/८० आर १५ हे टायर येतात. १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. भिंत वर आणि खाली अशी दोनदा धरायची. म्हणजे १५६ दुणे ३१२, त्यात रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवले की व्यास ६९३ मिलिमीटर निघतो. आता कुणी २१५/७५ आर १५ बसवला तर व्यास होतो साधारण ७०४, म्हणजे फरक फक्त दीड टक्का. २३५/७५ आर १५ बसवला तर ७३३ आणि अर्धा, म्हणजे जवळजवळ ६ टक्के. थारचेही तसेच. २५५/६५ आर १८ चा व्यास ७८९ मिलिमीटर आणि लोकांच्या आवडीच्या २८५/७० आर १७ चा ८३१. फरक सव्वापाच टक्क्यांच्या थोडा वर. पण तोच २८५ चा टायर २४५/७५ आर १६ काढून बसवला तर फरक सव्वासात टक्क्यांच्या वर जातो, कारण त्या मूळ टायरचा व्यास ७७४ आहे. तेव्हा मित्राच्या गाडीला काही झाले नाही म्हणून आपल्यालाही होणार नाही, असे धरून चालू नका. आधी आपल्या गाडीचे मूळ माप बघा.

कागदावरचा व्यास आणि वजनाखाली दबलेल्या टायरचा प्रत्यक्ष व्यास यांत थोडे अंतर असते. खात्री हवी असेल तर सपाट फरशीवर टायरला आणि जमिनीला खडूची खूण करा, नेहमीची हवा आणि चालक आत ठेवून गाडी चाकाचा एक पूर्ण फेरा पुढे ढकला आणि दोन खुणांमधले अंतर मोजा. त्याला ३.१४ ने भागले की खरा व्यास मिळतो. जुन्या आणि नव्या टायरची हीच मोजणी करून ठेवली तर पुढचा सगळा हिशेब पक्का होतो.

पुढचे सूत्र अगदी सोपे आहे. मूळ फायनल ड्राइव्ह रेशोला, म्हणजे एक्सलमधल्या क्राउन-पिनियनच्या आकड्याला, नव्या व्यासाने गुणायचे आणि जुन्या व्यासाने भागायचे. मॅन्युअल जिमनीचा फायनल ड्राइव्ह ४.०९० आहे. २३५/७५ च्या टायरसाठी तो ४.३३ यायला हवा. ऑटोमॅटिक जिमनीला कंपनीच ४.३०० देते, म्हणजे हवा असलेला आकडा कारखान्याच्या दुसऱ्या आकड्याच्या अगदी जवळ आहे. या आकड्यांत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आकडा जितका मोठा तितकी ओढ जास्त आणि धाव कमी.

या ६ टक्क्यांचा रस्त्यावर काय परिणाम होतो? जिमनीच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पाचवा गिअर सरळ १.००० आहे. मूळ टायरवर ताशी १०० किलोमीटरला इंजिन साधारण ३१३० फेरे घेते. २३५ च्या टायरवर ते २९६० च्या आसपास येते. ऐकायला छान वाटते, पण या १.५ लिटर पेट्रोल इंजिनाचा १३४ न्यूटन मीटर टॉर्क ४००० फेऱ्यांना मिळतो. आधीच खालच्या फेऱ्यांत कमजोर असलेले इंजिन आपण आणखी खाली ढकलतो. म्हणून हायवेवर शांत वाटणारी गाडी खंबाटकीच्या चढाला लागली की गिअर उतरवायला लावते. थारच्या डिझेल इंजिनाचे तसे नाही. त्याचा ३०० न्यूटन मीटरचा टॉर्क १६०० फेऱ्यांपासूनच हाती लागतो, त्यामुळे तेवढाच टक्का ती गाडी फारशी कुरकुर न करता पचवते. टर्बो डिझेल आणि टर्बो नसलेले छोटे पेट्रोल इंजिन यांना एकच सल्ला देणारा माणूस अर्धेच सांगतो आहे.

चढणीबद्दल सगळे बोलतात, उतरणीबद्दल फारसे कुणी बोलत नाही. माझ्या मते धोका तिथेच जास्त आहे. जिमनीचा पहिला गिअर ४.४२५, ट्रान्सफर केसचा लो २.००२ आणि फायनल ड्राइव्ह ४.०९०. तिन्हींचा गुणाकार ३६ च्या थोडा वर येतो. म्हणजे फोर-लोमध्ये पहिल्या गिअरवर चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिन ३६ फेरे घेते आणि १००० फेऱ्यांना गाडी ताशी ३.६ किलोमीटरने सरकते. हा वेग ब्रेकला पाय न लावता मिळतो, ही त्यातली खरी गोष्ट. मोठ्या टायरवर हाच गुणाकार प्रत्यक्षात ३४ सारखा वागतो. पावसाळ्यात कोकणातल्या लाल चिखलाच्या उतारावर इंजिनाने गाडी धरून ठेवण्याची ताकद कमी होते, चालक ब्रेक दाबतो आणि ब्रेक दाबला की चाक अडकून गाडी घसरते. शिवाय डिस्क तीच आणि चाकाची त्रिज्या मोठी म्हणून त्याच पायाच्या दाबाला ब्रेकची पकडही कमी मिळते. जड टायर फिरता थांबवायला लागणारी ताकद वेगळीच. मोठ्या टायरवर ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल चांगल्या स्थितीत असणे ही चैन समजू नका.

तुलनेसाठी रँग्लर रुबिकॉनचे आकडे बघण्यासारखे आहेत. रँग्लरची जुळणी २०२१ पासून आपल्या पुण्याजवळ रांजणगावला होते. रुबिकॉनच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये पहिला गिअर ४.७१, ट्रान्सफर केसचा लो तब्बल ४ आणि एक्सल ४.१०. गुणाकार ७७. त्या गाडीत टायर थोडा वाढला तरी लो-रेंजमध्ये हातात बरीच शिल्लक राहते. जिमनीत आणि जिप्सीत तेवढी शिल्लक नाही. म्हणून अमेरिकेतल्या जीपवाल्यांचे व्हिडिओ पाहून त्यांचा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या गाडीला लावू नये.

मग गिअर कधी बदलावे? फरक ३ टक्क्यांच्या आत असेल तर विषय सोडून द्या. ३ ते ६ टक्क्यांत डिझेलवाल्यांनी सहा महिने गाडी तशीच चालवून पाहावी. पेट्रोलवाल्यांनी आपला वापर कुठे जास्त, घाटात, चिखलात की हायवेवर, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे. ७-८ टक्क्यांच्या पुढे गेलात तर गिअरचा खर्च हा टायरच्या खर्चाचाच भाग समजा. तो झेपत नसेल तर लहान टायर घ्या. यात कमीपणा काही नाही. मूळ मापाचाच पण चांगल्या गुट्ट्यांचा टायर, चिखलात १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवलेली हवा आणि परतीला भरण्यासाठी सोबत कॉम्प्रेसर, एवढ्यावर सह्याद्रीतल्या बहुतेक वाटा निघतात. हवा उतरवल्यावर टायर जमिनीवर पसरतो, पकड वाढते आणि गिअरिंगला धक्का लागत नाही. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायची, हे मात्र विसरायचे नाही.

बदलायचे ठरलेच तर सूत्राने आलेल्या आकड्यावर थांबू नका. ते सूत्र फक्त व्यासाचा हिशेब करते. मड-टेरेन टायरचे वाढलेले वजन, रुंदीमुळे वाढलेला घर्षणाचा भार, पुढचा लोखंडी बंपर, विंच, छतावरचा कॅरिअर आणि उंच झालेल्या गाडीला लागणारा वारा, यांतले काहीच त्यात धरलेले नसते. जीपचे उदाहरण घ्या. आधीच्या पिढीची रँग्लर, ३.७३ चा एक्सल आणि २५५/७० आर १८ चे टायर. त्यांच्या जागी ३१५/७० आर १७ आले तर सूत्र ४.०० सांगते. म्हणजे कागदावर ४.१० पुरेसा आहे. तरी अनुभवी लोक ४.५६ वर जातात आणि ते बरोबर आहे. एक पायरी पुढचा आकडा घेतला तर वजनाचाही हिशेब चुकता होतो. तीन पायऱ्या पुढे गेलात तर मात्र हायवेवर इंजिन सतत किंचाळत राहील.

गिअर बदलण्याच्या जागा दोन आहेत, एक्सलमधले क्राउन-पिनियन किंवा ट्रान्सफर केस. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. ४१ ला ११ ने भागले की ३.७३, १० ने भागले की ४.१०, ९ ने भागले की ४.५६. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा ४.८८ म्हणजे ३९ आणि ८. युद्धानंतरच्या शेतीकामाच्या जीपचा ५.३८ म्हणजे ४३ आणि ८. क्राउनचा घेर हौसिंगमध्ये मावेल तेवढाच राहतो, म्हणून रेशो वाढवायचा तर पिनियन बारीक होत जातो. बारीक पिनियन म्हणजे दातावर जास्त भार. हा व्यवहार डोळे उघडे ठेवून करायचा. एक्सलमध्ये बदल केला की फोर-लोपासून टॉप गिअरपर्यंत सगळीकडे ओढ सारखीच परत मिळते, शिवाय प्रोपेलर शाफ्टवरचा ताण वाढत नाही. मला हाच मार्ग सर्वांत सरळ वाटतो.

ट्रान्सफर केसचा मार्ग जिप्सीसारख्या गाड्यांना जास्त मानवतो. जिप्सीचे परदेशातले भावंड सामुराई. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी असते आणि दोघांना एक आखूड शाफ्ट जोडतो. तिचा हाय १.४०९ आणि लो २.२६८. परदेशात तिच्यासाठी लो ४.१६ करणारे गिअर प्रसिद्ध आहेत. त्यांनी लोची ओढ ८० टक्क्यांहून जास्त वाढते, हायमध्ये मात्र थोडीच. ज्याचा वापर प्रामुख्याने दगड-धोंडे, ओढे आणि चिखल हा आहे त्याला हे वरदान आहे. ज्याला रोज कामावर जाताना पाचवा गिअर ओढत नाही त्याचा प्रश्न याने सुटणार नाही. आणखी एक धोका आहे. ट्रान्सफर केसमधून वाढून आलेला टॉर्क पुढे प्रोपेलर शाफ्ट, युनिव्हर्सल जॉइंट आणि एक्सलवर येतो. पुढचे जॉइंट जुने असतील तर ते आधी बदला.

पार्ट-टाइम फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा आणि मागचा रेशो एकच हवा. पैसे वाचवण्यासाठी आधी मागचा बदलू, पुढचा नंतर बघू, असे कुणी सुचवले तर त्या गॅरेजमधून बाहेर पडा. दोन्ही रेशो वेगळे असताना फोर व्हील लावली तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरू पाहतात, ट्रान्सफर केस मधे पिळली जाते आणि कोरड्या रस्त्यावर काहीतरी तुटतेच. वेगळ्या दातसंख्येमुळे येणारा ४.१० आणि ४.०९ एवढा फरक चालतो, त्यापलीकडे नाही. याच कारणाने स्टेपनीही नव्या मापाची हवी. चार मोठे आणि एक लहान टायर घेऊन जंगलवाटेला जाणे म्हणजे पंक्चर झाल्या क्षणी फोर व्हील गमावणे.

आता कारागीर. क्राउन-पिनियन बसवणे हे नट उघडून नट आवळण्याचे काम नाही. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर जोडीचा क्रमांक कोरलेला असतो. एका सेटचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन कधीही लावू देऊ नका. पिनियन किती आत बसतो ते शिमने ठरते, त्याच्या बेअरिंगवर किती ताण हवा ते मोजून आवळावे लागते आणि क्राउन-पिनियनमधला प्ले डायल गेजने पाहावा लागतो. साधारणपणे तो ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरमध्ये असतो, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच शेवटचा. शेवटी दातांना रंग लावून फिरवायचे आणि ठसा दाताच्या मधोमध उमटतो का ते बघायचे. ठसा टोकाला किंवा मुळाला गेला तर शिम बदलून पुन्हा पहिल्यापासून. मिस्त्रीला थेट विचारा, डायल गेज आहे का, ठसा मला दाखवाल का. जो हाताने हलवून प्ले बरोबर आहे म्हणतो त्याच्याकडे गाडी देऊ नका. बेअरिंग, सील आणि क्राउनचे बोल्ट नवेच टाका. काही गाड्यांत ठरावीक रेशोच्या पुढे डिफरन्शियलचा मधला कॅरिअरही बदलावा लागतो, हे सामान मागवण्याआधीच विचारून घ्या. डिफ लॉक बसवायचा विचार असेल तर तोही याच वेळी, कारण मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागत नाही.

गिअर बदलले की स्पीडोमीटर प्रत्येक गाडीत आपोआप ताळ्यावर येतो, हा मोठा गैरसमज आहे. टायर ६ टक्के मोठा झाला की काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०६ च्या आसपास असते, त्यातून काट्याच्या मूळच्या थोड्या वाढीव दाखवण्याने काही भाग भरून निघतो. जुन्या गाड्यांत केबल ट्रान्सफर केसच्या पुढच्या टप्प्यातून निघते, त्यामुळे क्राउन-पिनियन बदलले की काटाही बराचसा ताळ्यावर येतो. चाकांजवळच्या सेन्सरवरून वेग घेणाऱ्या नव्या गाड्यांत क्राउन बदलून काट्यावर काहीच परिणाम होत नाही, टायरचे माप गाडीच्या संगणकात भरावे लागते. ऑटोमॅटिक गाडीत नवा रेशोही संगणकाला कळवता येतो का हे आधी पक्के करा, नाहीतर गिअर चुकीच्या वेळी पडत राहतील. किलोमीटरही कमी नोंदले जातात, म्हणून मायलेज काढताना मीटरवरच्या अंतराला त्याच टक्क्याने वाढवा. १०० किलोमीटरला ८ लिटर लागले तर मायलेज साडेबारा नसून सव्वातेरा असते.

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे टायर किती वाढवता येतील हे आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर हा प्रश्न तीच तुम्हाला विचारणार आहे.

काम झाल्यावर गाडी लगेच ट्रेलवर नेऊ नका. पहिल्या दिवशी २०-२५ किलोमीटर हळू चालवून हौसिंग पूर्ण थंड होऊ द्या आणि असे दोन-तीनदा करा. पहिले ८०० किलोमीटर ओझे, ट्रेलर आणि सलग वेग टाळा. मग मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रतीचे, बहुधा जीएल-५, नवे ऑइल भरा. जुने ऑइल काढताना चुंबकाचा प्लग नीट बघा. त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असेल तर ठीक आहे. बोटांना टोचणारे लोखंडाचे कण दिसले, किंवा रेस दिल्यावर वा सोडल्यावर एक्सलमधून किणकिण आवाज येऊ लागला, तर गाडी पुढे चालवू नका, त्याच दिवशी ती ज्याने बसवले त्याच्याकडे परत न्या.